मासा मरायची वाट बघणारी बाई : अभिनेत्री जोसेफीन सिआव ऊर्फ फाँग-फाँग

तिरफळ

हा धागा एका माशामुळे निघतोय, हे आधीच सांगून टाकते.

चित्रपट 'समर स्नो', १९९५ सालचा, हाँगकाँगचा, दिग्दर्शिका ॲन हुई. सुरुवातीलाच चाळिशीतली एक नोकरदार बाई बाजारात मासे घ्यायला उभी आहे. तिथं मासा जिवंत असेपर्यंत भाव चढा, मेला की उतरला. तर ही बाई मासा मरायची वाट बघत उभी राहते. चेहऱ्यावर लाज नाही, क्रौर्य नाही, महिनाअखेरीचा हिशोब आहे फक्त. आमच्या अलिबागला 'फडफडीत' हा कौतुकाचा शब्द. बर्फातनं आलेला बांगडा काय फडफडणार आहे? तिथं तो खरंच फडफडतो आणि त्या फडफडण्याचेच पैसे लागतात. मी मोठ्यानं हसले. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?" त्या दर दहा मिनिटांनी विचारतात. दीड वर्ष झालं, विचारतात.

आणि पुढचा सिनेमा नेमका त्याबद्दलच निघाला. घरात सासू अचानक जाते आणि सासऱ्याला स्मृतिभ्रंश झालाय हे लक्षात येतं. सासरा म्हणजे जपान्यांशी लढलेला जुना वैमानिक, जन्मभर सुनेशी धड न बोललेला. त्याला हळूहळू मुलगा ओळखू येईनासा होतो. ओळखते ती सून. मला सिनेमा मध्ये थांबवून गॅलरीत जाऊन यावं लागलं.

मग त्या बाईचा शोध घेतला. नाव जोसेफीन सिआव. हाँगकाँगमध्ये फाँग-फाँग. 'समर स्नो'साठी १९९५च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं तेव्हा ती ४७ वर्षांची होती आणि सिनेमात येऊन तिला चाळीस वर्षं झाली होती! म्हणजे सिनेमातल्या बाईचं वय तेवढं हिचं नुसतं करिअर.

जन्म १९४७, शांघाय. लहानपणीच कुटुंब हाँगकाँगला आलं, वडील ती अगदी छोटी असताना गेले आणि सहा-सात वर्षांची पोर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. हेक्टर मालोच्या फ्रेंच कादंबरीवर १९६० साली निघालेल्या चित्रपटात तिनं ते अनाथ भटकं पोर रंगवलं. रडणारी मुलं तेव्हा खपत. शाळा अशी नाहीच. जमेल तसे घरी शिकवायला येणारे मास्तर. साठच्या दशकात ती कँटनीज (म्हणजे हाँगकाँगच्या बोलीतल्या) सिनेमाची लाडकी तारका झाली. एकूण चित्रपट दोनशेच्या वर. आणि मग, ऐन विशीत, मागणी असताना ही बाई उठली आणि अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेटन हॉल विद्यापीठात जाऊन बाकावर बसली. १९७३मध्ये पदवी घेतली. परत आली. पुढचं सगळं मग वेगळंच.

मला चर्चा करायची आहे ती या उठून जाण्याबद्दल. आपल्याकडे 'पुनरागमन' म्हटलं की तीच माणसं, तेच हसू, थोडा जास्त मेकअप. हिनं परत आल्यावर स्वतःला कुरूप करून घेतलं. त्याबद्दल खाली लिहितेच, पण आधी कुणी पाहिलंय का हिचं काही?

गोगलगाय

वाखुसा (वाचनखूण साठवली). नाव आजच कळलं. पण तिरफळताई, सासऱ्याचं पुढे काय होतं ते लिहू नका हं, बघणार आहे.

कुंग-फू पांडुरंग

अरे! ही तर फाँग साय-युकची आई!!

१९९३चा 'फाँग साय-युक', जेट लीचा. आम्ही कॉलेजात असताना केबलवर इतक्या वेळा लागायचा की संवाद पाठ (इंग्रजी डबिंगचे, कँटनीजचे नव्हेत). कोरी युएन दिग्दर्शक. त्यात पोरगा मुष्टियुद्धात एका बाईशी मुद्दाम हरतो. घराण्याचं नाक कापलं म्हणून आई पुरुषाचा वेष करून, मुलाचा मोठा भाऊ असल्याचं सांगून मंचावर चढते आणि जिंकते. आता पंचाईत अशी की हरलेली बाई या 'भावाच्या' प्रेमात पडते. पुढचा अर्धा सिनेमा त्या गोंधळावर. माणसांच्या डोक्यांवर, खांद्यांवर पाय देत झालेली ती मारामारी आठवतेय का कुणाला?

जेट ली त्यात आहे हे मी विसरू शकतो, आई नाही. कवितेची आवड असलेल्या नवऱ्याच्या पायाशी लोळण घेणारी आणि दाराबाहेर पडली की चार जणांना लोळवणारी. मी तिला 'विनोदी आई' एवढंच समजत होतो आजवर. बर्लिन वगैरे कळून धक्का बसला.

शेवटचा बाक

छान ओळख. पण धाग्याचा मूळ मुद्दा मला पटत नाही, म्हणून पिंक टाकतो.

'मागणी असताना उठून गेली' हे ऐकायला झकास वाटतं. साठच्या दशकाच्या शेवटी कँटनीज सिनेमाचीच मागणी आटत होती. शॉ ब्रदर्सचे रंगीत, मोठ्या खर्चाचे मंदारिन (चीनच्या प्रमाणभाषेतले) चित्रपट जोरात, १९६७मध्ये टीव्हीबी ही फुकट दिसणारी वाहिनी सुरू झालेली. कँटनीज सिनेमे स्वस्तातले, आठवड्याभरात उरकलेले. त्यांना तिथं 'सात दिवसांची ताजी' अशा अर्थाचं टोपणनावच होतं. १९७२ साली तर हाँगकाँगमध्ये एकही कँटनीज चित्रपट निघाला नाही. एकही नाही! म्हणजे बाई बुडत्या जहाजातून वेळेवर उतरली. शहाणपण आहे, मान्य. त्याग नव्हे.

तिरफळ

शेवटचा बाक, त्याग मी म्हटलंच नाही. उठून गेली म्हटलं. :)

पण १९७२चा आकडा माहीत नव्हता, धन्यवाद. एक शंका. जहाज बुडत होतं तर शेजारी मंदारिनचं जहाज उभं होतंच की. ती शांघायची, मंदारिनमध्ये लहानपणी कामं केलेली. तिला उडी मारायला फळीही लागली नसती. विशीतली, ओळखीचा चेहरा. ती तिकडे न जाता शाळा न पाहिलेली मुलगी थेट विद्यापीठात गेली, यात जहाजापलीकडचं काही असेलच ना?

डिंगडिंगवाला

रुमाल टाकून ठेवला होता, आता बसतो.

हाँगकाँगमध्ये अकरा वर्षं आहे. (आयडी इथल्या ट्रामवरून, ट्रामला इथं 'डिंग-डिंग'च म्हणतात.) इथं साठीच्या वरच्या कोणत्याही बाईसमोर फाँग-फाँगचं नाव काढा, ती लगेच विचारते, "तू तिच्या बाजूचा की पो-चूच्या?"

पो-चू म्हणजे चान पो-चू, कॉनी चान. हे समजल्याशिवाय फाँग-फाँग समजत नाही. दोघी साधारण एकाच वयाच्या. दोघी फन जुहुआ नावाच्या पेकिंग ऑपेरातल्या बाईंकडे उड्या-कोलांट्या, तलवार-भाला शिकलेल्या. साठच्या दशकात सात तरुण मुलींनी मानलेल्या बहिणी म्हणून एक गट केला होता, 'सात राजकन्या', त्यातही दोघी. आणि पडद्यावर कित्येकदा जोडी अशी की पो-चू पुरुषवेषात नायक आणि फाँग-फाँग नायिका!

त्यांचे चाहते म्हणजे मुख्यतः कारखान्यातल्या मुली. प्लास्टिकची फुलं, विग, कपडे शिवणं ही तेव्हाची हाँगकाँगची कामं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी दिवसभर यंत्रावर आणि सुट्टीला थेटरात. त्या पो-चूच्या तरी किंवा फाँग-फाँगच्या तरी. दोन्ही असं चालत नसे. माझ्या इमारतीतल्या आजी विगच्या कारखान्यात होत्या. सत्तरी ओलांडली, पण शेजारच्या आजी 'दुसऱ्या बाजूच्या' म्हणून अजून थोडा टोमणा असतो.

@शेवटचा बाक, तुमचं १९७२चं बरोबर आहे. पण १९७३चंही सांगा की! त्या वर्षी 'हाउस ऑफ ७२ टेनंट्स' आला, चोर युएनचा, कँटनीजमध्ये, आणि ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'पेक्षा जास्त गल्ला इथं त्यानं केला. चाळीत राहणाऱ्या भाडेकरूंची आणि खट मालकिणीची गोष्ट. लोकांना आपली भाषा पडद्यावर हवी होती, नुसती वाट बघत होते. मग १९७४पासून मायकेल हुई आणि भावंडांचे विनोदी सिनेमे. म्हणजे फाँग-फाँग पदवी घेऊन परतली तेव्हा भाषा परत उभी राहत होती.

नांदी

वाचतोय. पुरुषवेषातली नायिका हा विषय निघाला म्हणून या म्हाताऱ्याला लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे बालगंधर्व. पुरुष, आणि शालू नेसून उभे राहिले की बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकायच्या. कँटनीज ऑपेरात त्याचं बरोबर उलटं. याम किम-फाय (१९१३-१९८९) ही बाई जन्मभर पुरुषभूमिका करत आली, समोर नायिका बाक शुएट-सिन. १९५७ साली रंगभूमीवर आलेलं आणि १९५९मध्ये पडद्यावर आलेलं 'प्रिन्सेस चांग पिंग' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं. तिथल्या बायका याम किम-फायवर जीव ओवाळून टाकत. चान पो-चू ही तिचीच शिष्या. १९९९मध्ये पो-चू कितीतरी वर्षांनी रंगमंचावर आली तीही याम किम-फायचीच भूमिका करायला. गुरूची भूमिका शिष्येनं.

आता फाँग-फाँगकडे येतो. १९९६चा 'हू-डू-मेन' मिळाला तर जरूर पाहा. शू केई दिग्दर्शक. त्यात ती ऑपेरातली पुरुषभूमिका करणारी नटी आहे. बिऱ्हाड ऑस्ट्रेलियाला हलवायचं घाटतंय, घरात मुलीचं वेगळं काही चाललंय, आणि हिला रात्री मिशा लावून सेनापती व्हायचंय. 'हू-डू-मेन' म्हणजे विंगेतून रंगमंचावर येतानाची ती न दिसणारी रेघ. ओलांडली की स्वतःला विसरायचं. आपल्याकडे नट रंगमंचाला हात लावून नमस्कार करून पाऊल टाकतो ना, ती जागा. तिला त्यांनी नाव दिलंय. आपण नाही दिलं.

ज्या मुलीनं तरुणपणी पो-चूच्या पुरुषवेषासमोर नायिका उभी केली, तिनं पन्नाशीला आल्यावर स्वतः तो वेष केला.

गोगलगाय

नांदीकाका, किती सुंदर! तुम्ही रोज का लिहीत नाही?

नांदी

डोळे. आणि आमचे चिरंजीव टंकून देतात. त्यांना वेळ झाला पाहिजे.

शेवटचा बाक

तिरफळ, तुमच्या शंकेवर विचार केला. मंदारिनमध्ये उडी मारली नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. परत आल्यावर तिनं तैवानकडचे मंदारिन सिनेमेही केले. पण त्या वेळी ती बाकावर जाऊन बसली हे खरं. अर्धा मुद्दा मागे.

उरलेला अर्धा ठेवतो. तिचे साठच्या दशकातले सिनेमे महान नाहीत. मी यूट्यूबवर पाच-सहा पाहिलेत. मुली ट्विस्ट नाचतात, मग कुणीतरी आजारी पडतं, मग गाणं. एक सोडून. 'टेडी गर्ल्स', १९६९, लुंग काँगचा. त्यात ती सुधारगृहात पाठवलेली बिघडलेली मुलगी आहे आणि तिथल्या मैत्रिणींना घेऊन सूड घ्यायला पळते. त्यात फाँग-फाँगचा चेहरा पहिल्यांदाच गोड नाही. जाण्याआधी तिनं जे दार उघडून ठेवलं ते हे असावं, असं माझं मत.

तिरफळ

हेच! आता मी 'कुरूप करून घेतलं' म्हटलं होतं ते सांगते.

परत आल्यावर सत्तरच्या दशकात तिनं टीव्हीसाठी एक पात्र केलं, लाम आ-चुन. दोन वेण्या, जाड चष्मा, बावळट चाल, सगळीकडे धडपडणारी, बॉसला घाबरणारी, पण मनानं सरळ. जी मुलगी कारखान्यातल्या पोरींची स्वप्नातली राजकन्या होती ती आता त्याच पोरींसारखी दिसायला लागली, किंबहुना त्यांच्यापेक्षाही बावळट. लोकांनी तिला उचलून धरलं. चित्रपटही निघाले. त्यातला १९८२चा कुणी केलाय माहितेय? जॉन वूनं! दोन्ही हातांत पिस्तुलं आणि कबुतरं उडवणारा तोच.

आणि या बावळट मुलीच्या आधी १९७६मध्ये तिनं लिआँग पो-चिह यांच्याबरोबर 'जंपिंग ॲश' सहदिग्दर्शित केला. हेरॉइनच्या धंद्याचा पोलिसी थरारपट. खऱ्या रस्त्यांवर चित्रित, घाईचा, धुळीचा. हाँगकाँगमध्ये नंतर जी नवी लाट म्हणतात तिची चाहूल यात लागते असं जाणकार म्हणतात. सात दिवसांत सिनेमे उरकण्यात वाढलेल्या मुलीनं ते काम आतून पाहिलं होतं ना!

मग १९८०. 'द स्पूकी बंच'. निर्माती ती, नायिका ती, आणि दिग्दर्शनासाठी बोलावलं कुणाला, तर तरुण ॲन हुईला. एका बेटावर खेळ करायला गेलेली भिकार ऑपेरा मंडळी आणि तिथली भुतं. फाँग-फाँग त्यात मंडळीतली दुय्यम नटी. म्हणजे पंधरा वर्षांनी 'समर स्नो'त ॲन हुईनं तिला घेतलं, त्याआधी तिनं ॲन हुईला घेतलं होतं. दोघी १९४७च्याच.

कुंग-फू पांडुरंग

जॉन वूनं चष्मेवाल्या बावळट मुलीचा विनोदी सिनेमा केला ही या वर्षातली सर्वोत्तम माहिती. कबुतरं होती का त्यात?

तिरफळ

पाहिला नाही अजून, मिळाला की कबुतरं मोजून सांगते.

गोगलगाय

मी पाहिला हो 'समर स्नो'. आता रसभंगाची चिंता नको, लिहा सगळे.

मला माशापेक्षा ऑफिस जास्त लागलं. ती टॉयलेट पेपरचा व्यापार करणाऱ्या कंपनीत आहे आणि सगळे ग्राहक, सगळ्या ऑर्डरी तिच्या डोक्यात. मग एक तरुण मुलगी येते, तिला संगणक येतो. बाईंची स्मरणशक्ती ही तिची एकुलती एक पुंजी आणि तिची किंमत शून्य होत चाललीय. घरी सासऱ्याची स्मरणशक्ती जातेय. हे दोन्ही कुठंही बोलून दाखवलेलं नाही. बँकेत संगणक आले तेव्हा माझी आई अशीच घरी येऊन गप्प बसायची, ते आठवलं.

आणि तो छत्रीचा प्रसंग. सासरा छत्री उघडून गच्चीवरनं उडी मारतो, त्याला वाटतं विमानातनं उतरतोय. मी हसले आणि मग लाज वाटली हसल्याची.

शेवटचा बाक

लाज वाटून घेऊ नका. तो प्रसंग हसवायलाच आहे. तिथंच तो सिनेमा आपल्याकडच्यांपेक्षा वेगळा.

'अस्तु' पाहिलाय ना सगळ्यांनी? सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित, हत्तीमागून निघून जातात. मला अतिशय आवडता. पण त्यात विस्मृतीला एक उंची दिलीय, जवळजवळ अध्यात्म. 'समर स्नो'त विस्मृती म्हणजे संडासाचं दार कोण उघडणार, रात्री कोण जागणार, रजा कुणाची जाणार. शिवाय 'अस्तु'त लेक आहे. इथं सून. रक्ताचं देणं नाही, प्रेमाचंही नाही, तरी काम तिच्याकडे येतं. कारण ती घरी असते असंही नाही, नोकरी करते. तरी येतं.

तिरफळ

हो. तरी येतं.

('अस्तु'ला उंची आहे म्हणून कमी लेखू नका पण. चन्नम्मा झालेली अमृता सुभाष त्यांना जेवू घालते तेव्हा मला काहीच उंच वाटलं नव्हतं, अगदी जमिनीवरचं वाटलं होतं.)

शेवटचा बाक

मान्य. अमृता सुभाषसाठी पूर्ण मुद्दा मागे.

नांदी

सुनेच्या नवऱ्याचं काम केलंय लॉ कार-यिंग यांनी, ते मूळचे कँटनीज ऑपेरातले नट. सिनेमात मात्र साधा, बायकोपुढे दबणारा सरकारी खात्यातला नवरा. असे गायक-नट आपल्याकडेही होते, साधं बोलायला लागले की जास्त आवडायचे. १९९६च्या हाँगकाँग फिल्म अवॉर्डमध्ये या चित्रपटाला सहा पुरस्कार मिळाले: चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, नायिका, सासऱ्याच्या भूमिकेसाठी रॉय चिआव नायक, आणि लॉ कार-यिंग सहायक.

डिंगडिंगवाला

दोन गोष्टी राहिल्यात.

एक म्हणजे १९८७चा 'द राँग कपल्स'. रिचर्ड एंगबरोबर. एकाच घरात अडकलेले दोन चिडके प्रौढ, ती लग्न न झालेली. यावर तिला १९८८मध्ये इथला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार. विनोदी कामाला! आपल्याकडे विनोदाला पुरस्कार द्यायचा म्हटलं की त्याला वेगळी खुर्ची मांडतात, 'विनोदी भूमिकेतील'. इथं थेट मुख्य. मला वाटतं 'समर स्नो'तली बाई या विनोदातूनच आली. रडायला तिला सहाव्या वर्षापासून येत होतं, त्यात नवीन काय!

दुसरी जरा जड आहे. तिला लहानपणापासून उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. पुढे डावा कानही हळूहळू गेला. नव्वदच्या दशकात, जेव्हा तिची सर्वांत नावाजलेली कामं होत होती, तेव्हा तिला समोरच्याचे संवाद नीट ऐकू येत नव्हते. हे माहीत झाल्यावर 'समर स्नो' परत पाहिला. ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे फार एकाग्रतेनं बघते. मला आधी ते अभिनय वाटलं होतं. अभिनय आहेच. पण कदाचित ती ओठ वाचत असेल असंही आता वाटतं, आणि दोन्ही वेगळं काढता येत नाही.

गोगलगाय

अंगावर काटा आला.

कुंग-फू पांडुरंग

थांबा, म्हणजे फाँग साय-युकच्या मारामारीत पण?

डिंगडिंगवाला

१९९३. हो, त्याच काळात.

तिरफळ

मला हे माहीत होतं, पण मूळ लेखात मुद्दाम लिहिलं नाही. 'बहिरी असूनही' असं वाक्य एकदा लिहिलं की लोक पुढचं सगळं त्याच चष्म्यातून बघतात. डिंगडिंग, तुम्ही चांगल्या ठिकाणी काढलंत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती चित्रपटातून थांबली. तोवर बाल-मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षणही करून झालं होतं (परत बाकावर!). मग मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध काम करणारी संस्था काढली आणि त्यातच राहिली. १९९६मध्ये ब्रिटिशांकडून एमबीई हा किताब, २००९मध्ये हाँगकाँग फिल्म अवॉर्डचा जीवनगौरव. पण मला पुरस्कारांपेक्षा हे जास्त बोलतं: जिचं बालपण कॅमेऱ्यानं खाल्लं, ती शेवटी मुलांच्या मनाचं शास्त्र शिकायला गेली.

शेवटचा बाक

इथं मी सावध करतो. 'बालपण खाल्लं म्हणून मुलांसाठी काम' हे आपण जुळवतोय. सुबक जुळतं म्हणून खरंच असेल असं नाही. आपला सचिन 'हा माझा मार्ग एकला'मध्ये लहानपणी चमकला, पुढे मजेत सिनेमे करत राहिला. सगळ्यांचं बालपण सिनेमानं खाल्लंच असं कुठाय?

तिरफळ

बरोबर. जुळवलं मी. वाक्य खोडता येत नाही आता, संपादनाची वेळ गेली. राहू दे तुमच्या प्रतिसादासकट.

नांदी

ॲन हुईंच्याच २०११च्या 'अ सिंपल लाइफ'साठी डीनी इप या हाँगकाँगच्या आणखी एका ज्येष्ठ नटीला व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. त्यात ती घरातली म्हातारी मोलकरीण. बर्लिनला सून, व्हेनिसला मोलकरीण. दोन्ही वेळा दुसऱ्याच्या घरात राबणारी बाई, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्यामागे एकच दिग्दर्शिका. तिरफळताईंनी यावर वेगळा धागा काढावा. मी टंकवून घेईन.

गोगलगाय

+१

कुंग-फू पांडुरंग

+१. मारामारी असेल तर +२.

तिरफळ

काढते, पण पुढच्या महिन्यात. सासूबाईंसाठी दिवसभराची बाई मिळालीय, ती रुळू दे.

काल त्यांच्याबरोबर 'समर स्नो'चा शेवटचा भाग पुन्हा पाहिला. पांढरी फुलं गळतात आणि म्हाताऱ्याला वाटतं बर्फ पडतोय. त्या टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "शेवग्याचा बार गळतोय, शेंगा यायच्या नाहीत." त्यांच्या माहेरच्या अंगणात शेवगा होता. मी आवाज बंद करून तेवढाच भाग चार वेळा लावला.

डिंगडिंगवाला

ताई, तुमच्यासाठी एक काम करून आलो.

नॉर्थ पॉइंटला चुन येउंग स्ट्रीट आहे, तिथं भाजी-मासळीच्या बाजारातूनच ट्राम जाते. घंटा वाजवत, इंचाइंचानं, लोक निवांत बाजूला होतात. तिथल्या एका मासेवाल्या आजींना माझ्या मोडक्या कँटनीजमध्ये सांगितलं की भारतात काही मंडळी फाँग-फाँगवर चर्चा करतायत. माशाचा तो प्रसंगही साभिनय करून दाखवला. आजूबाजूचे दोघे-तिघे हसायला लागले. आजींनी हातातला सुरा खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मी पो-चूची."

मासा जिवंत होता. पूर्ण भाव लावला.